मोठा ड्रम वाजवणारी मुलगी

मला कुठलंही वाद्य वाजवता येत नाही. शाळेत असताना कवायतीत मी हटकून चुकीचा पाय टाकायचो आणि मास्तर मला शेवटच्या रांगेत उभं करायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या तालाच्या ज्ञानामुळे झालं. ते ज्ञान मी शारजातल्या एका शाळेच्या मैदानाकडेला, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून दोन हिवाळ्यांत मिळवलेलं होतं.

मी तेव्हा दुबईत, रास अल खोरला बिल्डिंग मटेरियलच्या एका ट्रेडिंग कंपनीत सेल्स बघायचो. दिवसभर नळ, बिजागऱ्या आणि कॉन्ट्रॅक्टर लोकांचे फोन. राहायला शारजात. आमची मुलगी सातवीत गेली तशी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवू लागली. तिकडच्या भारतीय शाळांमध्ये दर हिवाळ्यात बँडची स्पर्धा व्हायची, आमच्याच शाळेच्या मैदानावर. आधी एक फेरी, मग तीनेक आठवड्यांनी अंतिम. लाल कोट, पांढरे मोजे, पुढे चकचकीत काठी फिरवत चालणारी एक उंच मुलगी, मागे बिगुल, बासऱ्या, साइड ड्रम आणि सगळ्यात मागे मोठा ड्रम. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. माझी मुलगी रांगेत चालतेय, वळतेय, चाळीस मुलांच्या पायांबरोबर तिचा पाय पडतोय. मला जे कधी जमलं नाही, ते तिला जमत होतं.

त्यानंतर मी प्रॅक्टिसलाही जाऊन बसू लागलो. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस असायचा. मी ऑफिसातून थेट शाळेत. तिथे माझ्यासारखे चार-पाच बाप जमायचे आणि आमच्या गप्पा रंगायच्या. अमुक शाळेकडे परदेशी ड्रम आहेत, आपली पोरं जुन्या कातड्यावर वाजवतात. तमुक शाळा बँडसाठी दोन-दोन पीरियड सोडते. एक हैदराबादी गृहस्थ होते, त्यांचं म्हणणं की मुलींनी बिगुल फुंकू नये, दम पुरत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलीचा बिगुल पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, तरी त्यांचं मत काही बदललं नाही. आम्ही कुणीच काही वाजवत नव्हतो. मतं मात्र सगळ्यांची होती.

सगळ्यात मोठा वाद असायचा तो बँडच्या सरांच्या नियमावरून. सर फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेले, बारीक, वाळलेले, कायम टोपी घातलेले. त्यांचा नियम साधा होता: "जो रोज आयेगा, वो बजायेगा." निवड नाही, चाचणी नाही. रोज प्रॅक्टिसला येणारं प्रत्येक मूल स्पर्धेच्या दिवशी मैदानात उतरणार.

मला हा नियम पटत नसे. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणायचो, "मग ही स्पर्धा कसली? गॅदरिंग करा ना सरळ. स्पर्धा म्हटलं की बेस्ट तेवढेच घ्यायला पाहिजेत." बाकीचे माना डोलवायचे. एकदा मी हे सरांनाही ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, "साब, फौज में भी सब को चलना पडता है." आणि शिट्टी वाजवून मैदानात गेले.

मोठा ड्रम वाजवायची ती आमच्याच बिल्डिंगमधली मुलगी. माझ्या मुलीची मैत्रीण, एकाच वर्गात. तिचे वडील हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅक्टरीत सुपरवायझर होते आणि आई, म्हणजे आमच्या वहिनी, घरून जेवणाचे डबे करून द्यायच्या. वहिनींचं आमच्याकडे रोजचं येणं-जाणं. घरी काही वेगळं केलं की एक वाटी आमच्याकडे ठरलेली. मुलगी अंगाने लहानखुरी. तो ड्रम गळ्यात अडकवला की समोरून तिचे फक्त डोळे आणि खाली पाय दिसायचे. पट्ट्यामुळे तिच्या दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठायचे. वहिनी रात्री खोबरेल लावून द्यायच्या. मी सरांना विचारलंही होतं, एवढ्याशा मुलीला एवढा ड्रम का? ते म्हणाले, "इसके पैर में घडी है."

त्या वर्षी पहिल्या फेरीच्या आधी मी व्हिडिओ कॅमेरा घेतला. खांद्यावर धरायचा, आत कॅसेट घालायची. फेरीच्या दिवशी मी पायऱ्यांच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात जागा धरली, कारण तिथून मुलं मैदानात शिरताना समोरून दिसायची. बँड सुरू झाला. छान चाललं होतं. पण मैदानाच्या पलीकडच्या बाजूला रांग वळली तेव्हा मला काहीतरी खटकलं. बिगुल पुढे आणि मोठ्या ड्रमचा ठोका मागे. अगदी थोडा. पण मागे.

"ऐकलंत?" मी शेजारच्यांना म्हणालो. "मोठा ड्रम लेट पडतोय."

एकाने कान दिला. "हां यार, लेट तो है."

आणि मग आम्हा सगळ्यांनाच तो लेट ऐकू यायला लागला.

आमची शाळा चौथी आली. पहिल्या चारांतच अंतिम फेरी, त्यामुळे थोडक्यात वाचलो. मी घरी येईपर्यंत गाडीत एकच बोलत होतो, त्या ड्रममुळे आपण चौथे आलो. माझी मुलगी मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "बाबा, स्टॉप इट. शी इज माय फ्रेंड."

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी त्या बापांना जेवायला बोलावलं. जेवण वहिनींकडूनच सांगितलं होतं. मसालेभात, भरली वांगी, जिलबी. वहिनी दुपारी पातेली आणून ठेवून गेल्या. दुसऱ्या ऑर्डरचे डबे त्यांना पोचवायचे होते. त्यांची मुलगी मात्र माझ्या मुलीबरोबर आतल्या खोलीत अभ्यास करत बसली होती. हे मला माहीत होतं. हे मी विसरलो होतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. तिच्या चपला दाराशी होत्या आणि मी त्या ओलांडून पाहुण्यांना आत घेतलं होतं.

जेवणं झाल्यावर मी कॅसेट लावली. आधी पूर्ण पाहिली. मग तो पलीकडचा भाग आला तसा मी रिमोट हातात घेतला आणि सगळ्यांना हिंदीत समजावू लागलो.

"आता ऐका हं. हा बिगुल... आणि हा ड्रम. ऐकलंत? परत दाखवतो."

परत मागे, परत पुढे. चार-पाच वेळा. मग मी स्लो लावलं. स्लोमध्ये आवाज बंद होतो, नुसतं चित्र सरकत राहतं. पडद्यावर ती मुलगी, ड्रमच्या मागे डोळे, तोंड अर्धवट उघडं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. हात हळूहळू वर जातोय, हळूहळू खाली येतोय. स्लोमध्ये कुणीही विचित्र दिसतं. कुणीतरी म्हणालं, "अरे, ये तो सो रही है!" सगळे हसले. मीही हसलो. आणि मी म्हणालो, "चाळीस मुलांची मेहनत एका मुलीमुळे पाण्यात. सर दयाळू आहेत, पण दयेवर ट्रॉफी मिळत नाही."

हे शेवटचं वाक्य मी मराठीत बोललो, पाहुण्यांतल्या एकट्या मराठी गृहस्थांकडे बघून. बाकीच्यांना ते कळलं नसेल. तिला कळलं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, हातात पाण्याची रिकामी बाटली. मागे माझी मुलगी. पडद्यावर तिचा हात अजून खाली येतच होता.

मी घाईने रिमोटचं बटण दाबलं आणि ते चुकीचं दाबलं गेलं. चित्र थांबलं ते तिच्या चेहऱ्यावरच.

ती स्वयंपाकघरात गेली, बाटली भरून घेतली, चपला घातल्या आणि गेली. जाताना "बाय, अंकल" म्हणाली. रोज म्हणायची तसंच.

शनिवारी ती प्रॅक्टिसला आली नाही. रविवारीही नाही. सरांनी मंगळवारपर्यंत वाट पाहिली आणि अकरावीतल्या एका दणकट मुलाच्या गळ्यात ड्रम अडकवला.

बुधवारी संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. माझी बायको बाहेर गेली होती. वहिनी उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला बँडमधलं कळतं म्हणून विचारते. आमची म्हणतेय, मला कंटाळा आला, मी नाही जाणार. दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही हो तिने. तापात गेली होती. शाळेत काही झालं का? कुणी काही बोललं का तिला?"

सांगायची वेळ तीच होती. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. पण वहिनी माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होत्या, त्यामुळेच ते परत फिरले. मी म्हणालो, "मुलंच ती वहिनी. या वयात मूड बदलतो. काही दिवस जाऊ द्या."

"तुम्ही एकदा बोलता का तिच्याशी?"

"बोलतो ना."

मी बोललो नाही.

माझी मुलगी माझ्याशी चार दिवस फक्त कामापुरतं बोलत होती. पाचव्या दिवशी मीच विचारलं, "तिने तुला काही सांगितलं?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "शी टोल्ड मी नॉट टु टेल एनीवन. सो आय वोन्ट." मग थोड्या वेळाने म्हणाली, "यू ऑल लाफ्ड, बाबा."

अंतिम फेरीला आमची शाळा तिसरी आली. सगळे खूश. पायऱ्यांवर मला दोघांनी पाठीवर थाप मारली, "देखा? आप सही थे." मी त्याच कोपऱ्यात बसलो होतो, तोच कॅमेरा. पण बँड वाजत असताना मला वेगळंच ऐकू आलं होतं. बँड पलीकडच्या बाजूला वळला आणि ठोका मागे पडला. तो दणकट मुलगा दणादण वाजवत होता, आणि ठोका मागेच होता. आधीइतकाच.

घरी एकटा असताना मी कॅसेट लावली. परत परत ऐकली. शेजारच्या शाळेचं वाजवणंही त्यात थोडं आलं होतं. त्यांचाही मोठा ड्रम, पलीकडे गेला की, मागे.

मी सरांना शोधत गेलो. मैदान रिकामं होतं, ते सामान खोलीत लावत होते. मी विचारलं, मोठा ड्रम अजूनही लेट का येतो?  त्यांनी ड्रम आणि काठी उचलली आणि म्हणाले, "आप वहीं बैठिये, जहाँ बैठते हैं." मी कोपऱ्यात जाऊन बसलो. ते मैदान ओलांडून पलीकडच्या टोकाला गेले आणि मोठ्याने ओरडले, "हाथ देखिये!" त्यांचा हात ड्रमवर पडलेला मला दिसला, आणि ठोका त्यानंतर माझ्यापर्यंत आला.

ते चालत परत आले. त्यांना दम लागला होता. "लडकी लेट नहीं थी, साब," ते म्हणाले. "आवाज लेट थी. दूर से आती है ना. बिगुलवाले आपके पास थे, वो पीछे थी. जज लोग बीच में बैठते हैं, ऊपर. उनको पता है."

"मग तुम्ही सांगितलं का नाही आम्हाला?"

"आपने पूछा कब?"

त्या संध्याकाळी मी पहिल्या फेरीची कॅसेट पुन्हा काढली आणि आवाजाकडे लक्ष न देता तो भाग स्लोमध्ये पाहिला. तिचा हात आणि तिचा डावा पाय एकाच वेळी खाली येत होते. तिचा पाय आणि पुढच्या रांगेतले सगळे पाय एकाच वेळी. एकदा नाही, प्रत्येक वेळी. शुक्रवारी आम्ही सहा जणांनी हेच चित्र चार-पाच वेळा पाहिलं होतं आणि कुणीही तिच्या पायाकडे बघितलं नव्हतं. आम्ही तिची जीभ बघत होतो.

म्हणजे आता मला माहीत होतं. दोन मजले खाली उतरून एक वाक्य बोलायचं होतं: तू चुकली नव्हतीस. मी दोनदा गेलोही. एकदा तिनेच दार उघडलं. "आई नाहीये, अंकल." माझ्या हातात त्यांचा रिकामा डबा होता. तो दिला आणि वर आलो. दुसऱ्यांदा तिचे वडील घरी होते, क्रिकेट चाललं होतं, त्यांनी बसवलं, चहा झाला, स्कोअर झाला. मी उठून आलो.

मग परीक्षा आल्या, सुट्टी आली. पुढच्या वर्षी सर करार संपवून गावी गेले. माझ्या मुलीने नववीत बँड सोडला. तिने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघी मुली मैत्रिणी राहिल्या, फक्त त्या मुलीने आमच्याकडे येणं कमी केलं. माझी मुलगीच खाली जायची. बारावी झाल्यावर वहिनींची मुलगी पुण्याला कॉलेजात गेली. सुट्टीत आली आणि जिन्यात भेटली की "हाय, अंकल" म्हणायची. मी दर वेळी पुढच्या वेळेवर ढकलत राहिलो. असं करता करता सहा वर्षं गेली.

मग हमरियातली ती फॅक्टरी बंद व्हायची वेळ आली आणि त्यांनी पुण्याला कायमचं परतायचं ठरवलं. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे खोकी बांधायला मदतीला गेलो. तिचे वडील कार्गोवाल्याकडे गेले होते. वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि बोलत होत्या. मुलीने दुसऱ्यांदा कोर्स बदलला होता. आधी कॉमर्स, मग डिझाइन, आता तेही नको म्हणत होती.

"स्वभावच तसा तिचा," वहिनी म्हणाल्या. "काही म्हणून धरून ठेवत नाही. तो बँड सोडला ना, तेव्हापासून बघतेय मी. जरा कठीण गेलं की सोडायचं. तेव्हाच मी जरा कडक व्हायला हवं होतं. तशी ओरडले होते हो मी. आळशी म्हणाले, आठ दिवस बोलले नाही तिच्याशी. पण उपयोग नाही झाला."

माझ्या हातात चिकटपट्टी होती. मी ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कॅसेट, जेवण, ती दारात उभी होती ते, मी काय बोललो ते, सरांनी दाखवलं ते. वहिनी ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी एक वाटी गुंडाळली, परत उलगडली, परत गुंडाळली.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तिने एक शब्द सांगितला नाही मला."

"नाही."

"मी तिला आळशी म्हणत होते, तेव्हा पण नाही."

 त्यांनी उठून फोन घेतला, पुण्याला मुलीचा मोबाईल लावला, पलीकडून आवाज आल्यावर "थांब, भाऊजी बोलतायत" एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

मी तिला सांगितलं. अंतर कसं होतं, मी कुठे बसलो होतो, आवाजाला किती वेळ लागतो, तो दणकट मुलगाही कसा लेटच ऐकू आला. ती मध्ये म्हणाली, "इट्स ओके, अंकल. आय वॉज लेट. मी पाहिलं ना टेपवर."

"नव्हतीस. तेच सांगतोय. टेप चुकीच्या जागेवरून घेतली होती. तुझा हात बरोबर पडत होता. मी नंतर पाहिलं."

 तिच्या मागे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"सरांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "त्याच हिवाळ्यात. फायनलनंतर."

 ती म्हणाली, "ओके. आईला द्या ना."

वहिनी फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी हॉलमधलं अर्धवट राहिलेलं खोकं चिकटपट्टीने बंद केलं. मग आपला आपण वर आलो.

त्यांना एअरपोर्टला मीच सोडणार हे आधीच ठरलं होतं आणि ते कुणी बदललं नाही. तिचे वडील पुढे बसले होते. त्यांना बहुतेक काही सांगितलेलं नव्हतं. ते पूर्ण रस्ताभर पुण्याच्या फ्लॅटच्या पझेशनबद्दल बोलत होते. वहिनी मागे खिडकीतून बाहेर बघत होत्या. सामान उतरवून झाल्यावर ते ट्रॉली आणायला गेले तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या.

"मी तिची माफी मागितली," त्या म्हणाल्या. "माझं मी केलं. तुमचं तुम्ही बघा."

परत येताना सिग्नलला थांबलो असताना माझ्या लक्षात आलं की फोनवर मी तिला आवाजाचं, अंतराचं, कॅमेऱ्याचं सगळं समजावून सांगितलं होतं. जणू चूक हवेने केली होती. माफ कर, एवढं मात्र मी म्हणालो नव्हतो.

मी तिला पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं, कारण पहिल्या दोन्हींत मी पुन्हा मैदान आणि आवाज यांतच अडकलो. तिसरं चार ओळींचं झालं, ते पाठवलं. माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "व्हाय डिड इट टेक यू सो लाँग?"  पुण्याहून उत्तर आलं नाही. ते यायलाच हवं असं मी धरूनही चाललेलो नाही.